खिडकीत कूलर, कोपऱ्यात झाड

जळगावात घरातलं झाड गेलं की दोष उन्हाला जातो. ‘आपल्याकडचं ऊन माहितीये ना ताई’ एवढं म्हटलं की विषय मिटतो. ऊन आहेच. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो आणि भुसावळची माणसं आपला आकडा जळगावपेक्षा वरचा असल्याचं जरा अभिमानानेच सांगतात. पण मेलेली कुंडी मी उपडी करते तेव्हा बहुतेक वेळा मुळं काळी, बुळबुळीत निघतात, आणि तुंबलेल्या मोरीसारखा वास येतो. दिवाणखान्याच्या कोपऱ्यातल्या त्या झाडावर ऊन कधी पडलेलंच नसतं. अंधारात उभं राहून रोज पाणी पिऊन ते मेलेलं असतं.

घरं, दवाखाने आणि छोट्या ऑफिसांत झाडं लावून देणं आणि ती जगवणं हे माझं काम. सासर जळगाव, माहेर धुळे, त्यामुळे गिऱ्हाइकंही दोन्हीकडची. एरंडोल, पारोळा करत जाणारा तो नव्वदेक किलोमीटरचा रस्ता मला पाठ आहे. गाडीच्या मागच्या सीटवर ओल्या गोणपाटात गुंडाळलेली झाडं असतात. उन्हाळ्यात मी पहाटेच निघते. दहानंतर बंद गाडीतलं झाड पारोळ्यापर्यंतच उकडून निघतं.

त्याआधी मी केळीत होते. म्हणजे केळीच्या टिश्यू कल्चर रोपांत. 1990 च्या दशकात जैन इरिगेशनने ग्रँड नैन जातीची टिश्यू कल्चर रोपं आणली आणि जळगावची केळी बदलली. कंदांऐवजी रोपं लावायची सवय रावेर-यावलच्या शेतकऱ्यांना लागली, तशी रोपं तयार करणाऱ्यांची गरजही वाढली. अशाच एका ठिकाणी मी हार्डनिंगला होते. लॅबमध्ये पांढरा कोट घालून बाटल्या हाताळणाऱ्या मुली वेगळ्या. आम्ही बाहेरच्या शेडमधल्या, चिखलात हात असलेल्या.

बाटलीतून आलेलं रोप दिसायला देखणं असतं. हिरवंगार, टवटवीत. पण ते फसवं असतं. बाटलीत हवा पूर्ण दमट, साखरेसकट सगळं अन्न अगारच्या जेलीतून आयतं मिळालेलं, त्यामुळे पानावर मेणाचा थर नावापुरताच. पानावरची छिद्रं मिटायला शिकलेलीच नसतात. असं रोप उघड्या हवेत ठेवलं की तासाभरात कापडासारखं लोळतं. म्हणून आधी मुळांना चिकटलेली जेली पाण्यात हलक्या बोटांनी धुवायची, कारण ती राहिली की बुरशी धरते. मग कोकोपीटच्या ट्रेमध्ये लावून प्लॅस्टिकच्या बोगद्यात, धुक्यासारख्या फवाऱ्याखाली ठेवायचं. काही दिवसांनी बोगद्याची एक कड थोडी वर करायची. मग थोडी आणखी. नवीन आलेलं पान हाताला जरा जाड, खरखरीत लागलं की समजायचं, रोप आता स्वतःचं पाणी स्वतः राखायला लागलं. त्यानंतर पिशवी, शेडनेट, आणि मग कुठे शेत. आमच्या मुकादम मावशींचं सगळं लक्ष त्या कडेवर असे. कोणी घाईने प्लॅस्टिक एकदम काढलं तर त्या दिवशी सगळ्यांचं जेवण कडू व्हायचं.

घरातल्या झाडांचं काम सुरू केलं तेव्हा ही सगळी विद्या वाया जाणार असं वाटलं होतं. उलटं झालं. आपल्याकडे मिळणाऱ्या शोभेच्या झाडांतली बरीचशी आंध्रातल्या कडियमहून ट्रकने येतात. कडियम म्हणजे गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातलं गाव, राजमहेंद्रीजवळ. गावच्या गाव नर्सऱ्यांचं. तिथली हवा समुद्राकडची, दमट. तिथे शेडनेटखाली वाढलेलं ॲग्लोनेमा किंवा फर्न मार्चमध्ये जळगावात उतरतं तेव्हा इथल्या दुपारच्या हवेतली आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास किंवा त्याच्याही खाली असते. बाटलीतल्या रोपाचं दुखणं इथेही तेच, फक्त झाड मोठं. दुकानातून आणलं, त्याच दिवशी मोठ्या कुंडीत बदललं, टीव्हीशेजारी ठेवलं, वर तांब्याभर पाणी. आठवड्यात खालची पानं पिवळी, मग ‘झाड कमी पडलं’ म्हणून आणखी पाणी आणि वर चमचाभर युरिया.

मी नवीन झाड थेट गिऱ्हाइकाकडे नेत नाही. घरामागच्या शेडमध्ये ते निदान दोन-तीन आठवडे थांबतं, आधी दमट कोपऱ्यात, मग हळूहळू दाराकडे. त्याच्या मुळांभोवती लाल चिकणमातीचा घट्ट गोळा असतो. ट्रकच्या प्रवासात तो कामाचा, कुंडीत मात्र वैरी. वाळला की विटेसारखा होतो आणि पाणी आत शिरू देत नाही. झाड स्थिरावलं की तो गोळा बादलीत बुडवून सैल करायचा आणि मुळं मोकळी करायची. जेली धुणाऱ्या बोटांना हे सांगावं लागत नाही.

आता घराबद्दल. खानदेशातलं घर उन्हाळ्यात बंद असतं आणि ते बरोबरच आहे. सकाळी नऊला खिडक्या लावायच्या, जाड पडदे ओढायचे, कूलर सुरू. धाब्याच्या घरांतही हीच रीत होती. जाड भिंती, लहान खिडक्या, आत गार अंधार. उन्हातून आलेल्या माणसाला असा अंधार म्हणजे स्वर्ग. झाडाला मात्र तो उपवास. उघड्यावर भर दुपारी लाखभर लक्सपर्यंत प्रकाश असतो. पडदा ओढलेल्या खोलीत तो शे-दोनशेवर येतो. आपले डोळे लगेच सरावतात, म्हणून आपल्याला फरक जाणवत नाही. झाडाला डोळे नाहीत, त्याच्याकडे नुसता हिशेब आहे.

त्यात कूलर. घरातली सगळ्यांत मोठी, हवेशीर खिडकी असते तिथेच कूलर बसतो, होळीनंतर बसतो आणि पाऊस धरेपर्यंत हलत नाही. म्हणजे ज्या खिडकीत झाड ठेवायचं तिथे लोखंडी पेटी आणि झाड समोरच्या कोपऱ्यात. मी घर बघायला जाते तेव्हा पहिला प्रश्न विचारते, कूलर कुठे लागतो? लोकांना हा प्रश्न विचित्र वाटतो. त्यांनी इंटरनेटवरचे फोटो काढून ठेवलेले असतात आणि त्या फोटोंतल्या खिडक्यांत कूलर नसतो. मग मी हात पुढे करून भिंतीवर त्याची सावली बघते. सावलीची कड स्पष्ट दिसली तर तिथे बरंच काही जगेल. नुसता धुरकट डाग दिसला तर झीझी, स्नेक प्लँट, फार तर मनीप्लँट. काहीच दिसलं नाही तर देवाची तसबीर लावा म्हणते.

कूलरचा एक फायदाही आहे. त्याच्या गवताच्या जाळीतून येणारी हवा ओलसर असते. झाड झोताच्या रेषेत न ठेवता बाजूला ठेवलं तर फर्नसुद्धा एप्रिल काढतं. एसीच्या कोरड्या खोलीत ते जमत नाही. पण कूलरच्या टाकीतलं पाणी ही वेगळी भानगड. बोअरचं पाणी दिवसभर उडून जातं, क्षार मागे राहतात. जाळीवर पांढरा थर धरतो तो हाच. आठवड्याने टाकी रिकामी करताना ते पाणी ‘वाया कशाला घालवायचं’ म्हणून कुंडीत जातं. आरओ मशीनच्या नळीतून निघणारं पाणीही तसंच. आमच्या भागात नळ रोज येत नाही, त्यामुळे पाणी जपणाऱ्या बाईला नावं ठेवणं मला जमत नाही. मी इतकंच सांगते की त्या पाण्याने फरशी पुसा, कुंडीला एसीच्या नळीचं पाणी घाला. ते हवेतून गोळा झालेलं, क्षार नसलेलं. ज्यांच्याकडे एसी नाही त्यांनी पावसाळ्यात गच्चीवर ड्रम ठेवावा. पानांची टोकं तपकिरी होणं हे निम्म्या वेळा पाण्यातल्या क्षाराचं काम असतं, आणि लोक त्यावर औषध मागतात.

काळ्या मातीबद्दल बोललं की माणसं दुखावतात. ही आपली कापसाची, केळीची, भरिताच्या वांग्याची माती. बसाल्टचा खडक झिजून झालेली, पाणी धरून ठेवणारी. शेतात ती सोनंच. कुंडीत मात्र घात करते. ओली झाली की फुगते आणि मुळांना हवा राहत नाही. वाळली की आक्रसते, कुंडीच्या कडेपासून बोटभर सुटते, मग वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली बशीत येतं. बाई म्हणते, पाणी तर खालून आलं, म्हणजे पोचलं. मधला गोळा कोरडाच. शेतात या भेगांचा उपयोग होतो, कुंडीत नाही. म्हणून मी कोकोपीट, गांडूळखत, विटांचा जाडसर चुरा आणि शेंगांची कुजलेली टरफलं असं मिश्रण करते. वाळू मी वापरत नाही. गिरणेच्या वाळूवर आधीच पुष्कळांचा डोळा आहे, त्यात माझी भर कशाला.

रिंग रोडच्या एका फ्लॅटमध्ये मिश्रण भरत होते. मुलगा-सून नोकरीवाले, आणि सोफ्यावर रावेरकडचे नाना, मुलाकडे राहायला आलेले. ते बराच वेळ गप्प बसून बघत होते. मग उठले, आधीच्या मेलेल्या कुंडीत दुसऱ्या पेरापर्यंत बोट घातलं, माती चिमटीत दाबली आणि सुनेला म्हणाले, “याले वाफसाच नाही. रोज भरत होती का तू?” मला म्हणाले, “पोरी, वाफसा आल्याशिवाय आम्ही औत घालत नाही आणि या झाडाले श्वास घेऊ देत नाही.” सून म्हणाली, “आप्पा, शेत वेगळं आन् हे वेगळं.” नाना म्हणाले, “मूळ तेच ना?”

त्यांना नाना म्हणावं की आप्पा, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्या घराला मी पाण्याचा तक्ता दिला नाही. नाना बोट घालून बघतात आणि ठरवतात. ठिबक सिंचनाचं गाव म्हणून जळगावचं नाव देशभर, थेंब मोजून पाणी देणारे शेतकरी इथले, आणि त्यांचीच मुलं फ्लॅटमध्ये सहा इंची कुंडीत मगभर पाणी ओततात, तेही रोज ठरल्या वेळी. मुळाभोवती ओल आणि हवा दोन्ही हवी, हे या मातीतल्या माणसाला नव्याने शिकवायला नको. शेतातलं ज्ञान जिन्याखाली चपलांसोबत काढून ठेवायची गरज नाही.

शेतातली एक गोष्ट मात्र खालीच ठेवावी, ती म्हणजे फवारणीची बाटली. एप्रिलच्या कोरड्या हवेत पानांच्या मागे लाल कोळी येतो, बारीक जाळी दिसते. मनीप्लँटच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण बसतो. कापूसवाल्या घरात औषध असतंच. ते झाकणभर घालून दिवाणखान्यात मारलेलं मी पाहिलं आहे, बाळ झोळीत असताना. तो वास नाकात बसला आहे. बंद खोलीत शेतीचं कीटकनाशक अजिबात नको. झाड मोरीत नेऊन पानांच्या मागून पाण्याचा फवारा मारला तरी कोळी निम्मा जातो. उरलेल्याला लिटरभर पाण्यात चमचाभर निंबोळी तेल आणि थोडा साबण, आठवड्याच्या अंतराने दोन-तीन वेळा. पिठ्याला स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस. कापसाची आपल्याकडे कमी नाही.

धुळ्याचं काम वेगळ्या चवीचं. जुन्या धुळ्यात गल्ल्यांना नावांऐवजी नंबर आहेत, तशाच एका नंबराच्या गल्लीत आमचं घर. मधे चौक, चौकात तुळस, आणि मोरीच्या सांडपाण्यावर अळू. ‘इनडोअर गार्डन’ हे शब्द आईने ऐकलेले नव्हते, पण घरात एक जागा अशी होती की तिथे ठेवलेलं काहीही जगायचं. माठाची तिवई. माठ पाझरायचा, खाली थेंब पडायचे, भोवतीची हवा ओली राहायची. तिवईच्या पायाशी आईने कुठूनतरी आणलेलं नेचं होतं, आणि बाहेर लू चालू असताना ते कोवळी, गुंडाळलेली पानं उलगडत असायचं. वर जुन्या बरणीत मनीप्लँट. फ्रिज आला, माठ गेला, नेचंही गेलं.

मी अजून माझ्या गिऱ्हाइकांना सांगते, माठ ठेवा. फर्न, कॅलाथिया असल्या नाजूक प्रकृतीची झाडं त्याच्याभोवती घोळक्याने ठेवा. चार झाडं जवळ असली की एकमेकांच्या श्वासावर थोडी तगतात. दिवसातून पाच वेळा पानांवर पाणी शिंपडणाऱ्या बायका आहेत, पण ते पाणी आपल्या हवेत दहा मिनिटांत उडतं. माठ दिवसभर पाझरतो.

आईच्या अळूचाही मला उपयोग झाला. दुकानात ज्या झाडांचा थाट असतो त्यांतली निम्मी, म्हणजे मनीप्लँट, पीस लिली, ॲग्लोनेमा, सिंगोनियम, झीझी, डायफेनबेकिया, ही सगळी अळू-सुरणाच्याच कुळातली. अळूने घसा खाजतो तो ज्या सुईसारख्या स्फटिकांमुळे, ते कॅल्शियम ऑक्झलेट यांच्यातही असतं. डायफेनबेकियाचं पान लहान मुलाने चावलं तर जीभ सुजते. रांगतं मूल असलेल्या घरात मी ते देतच नाही. धुळ्यातल्या एका आजींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, “म्हणजे हाई आळूनीच बहीण शे!” आणि लगेच सुनेला ते झाड वर फळीवर ठेवायला लावलं. माझं अर्ध्या तासाचं भाषण वाचलं.

गिऱ्हाईक यादी घेऊन येतं तेव्हा तिच्यावर बहुतेक वेळा ‘ऑक्सिजन देणारी झाडं’ असं लिहिलेलं असतं. नासाचं नाव हमखास. नासासाठी वुल्व्हर्टन यांनी केलेला अभ्यास 1989 चा, आणि तो बंद पेट्यांमध्ये केलेला. आपलं घर पेटी नाही. दारं-फटींतून हवा खेळते. 2019 मध्ये अमेरिकेतल्याच संशोधकांनी जुने प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला. साध्या वायुवीजनाने जेवढी हवा शुद्ध होते तेवढी झाडांकडून करून घ्यायची तर दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील. हे मी सांगते तेव्हा विक्री कमी होते, नवरा वैतागतो. पण हवेसाठी सकाळी खिडकी उघडावी. झाड डोळ्यांसाठी आणि हातांना काम म्हणून ठेवावं, ते कारण मला पुरेसं वाटतं.

दवाखान्यांचं काम सगळ्यांत अवघड. वेटिंग रूमला खिडकीच नसते. तिथे मी झाडं विकत नाही, भाड्याने देते. दोन जोड ठेवायचे, एक दवाखान्यात, एक माझ्या शेडमध्ये उजेडात विश्रांतीला, आणि पंधरवड्याने अदलाबदल. एका डॉक्टरांनी कोपऱ्यात पांढरी एलईडी ट्यूब झाडांच्या जवळ लावून घेतली, दहा-बारा तास चालू. तिथली स्नेक प्लँट्स आता हलवावी लागत नाहीत. बाकीचे महिनाअखेरीला हमखास विचारतात, “नुसतं पाणी घालायचे एवढे पैसे?” मी सांगते, डॉक्टर, पाणी न घालायचे पैसे आहेत ते. रिसेप्शनवरच्या मुलीने, सफाईवाल्या मावशींनी आणि कंटाळलेल्या पेशंटने आपल्या बाटलीतलं उरलेलं, असं तिघांनी पाणी घालू नये याची व्यवस्था मी बघते. कुंडीवर पाटी लावून उपयोग होत नाही. मावशींना विश्वासात घेतलं की होतो.

मे महिन्यात आपल्याला हवं असतं ते सगळं, अंधार, गारवा, भरपूर पाणी, आपण प्रेमाने झाडालाही देतो. पारोळ्याच्या पुढे एका बाईंनी मला हात धरून मेलेलं झाड दाखवलं होतं, “रोज पाणी टाकस वं माय, तरी मरी गयं.” त्यांच्या मायेत काही खोट नव्हती. त्यांना मी स्नेक प्लँटचं एक पान तोडून दिलं, आठ दिवस वाळवून मातीत खोचायला आणि महिनाभर विसरून जायला सांगितलं. आफ्रिकेतल्या कोरड्या मुलखातलं झाड आहे, विसरलेलं त्याला मानवतं. विसरणं त्यांना जमलं का, ते पुढच्या फेरीत बघायचं आहे.

एक विनंती आहे. आखाजीचा मुहूर्त चांगला म्हणून त्या आठवड्यात वास्तुशांती होतात आणि हल्ली आहेर म्हणून कुंड्या देतात. वर्षातला सगळ्यांत वाईट आठवडा तोच. नव्या घराला रंगाचा वास, खिडक्या बंद, पाहुण्यांची वर्दळ, आणि त्यात प्रवासाने थकलेलं झाड. त्या दिवशी पाकीट द्या, माठ द्या. झाड द्यायचंच असेल तर पोळ्यानंतर द्या. तेव्हा हवेत ओल असते, कूलर माळ्यावर गेलेला असतो आणि खिडकी मोकळी असते. पुढचा उन्हाळा येईपर्यंत त्याला इथली सवय करून घ्यायला सहा-सात महिने मिळतात, आणि तेवढे पुरतात.